कोलोरॅडोचा लांडगा-नकाशा: पाणलोटात दिसतो, कुरणात दिसत नाही

कोलोरॅडो राज्याचा वन्यजीव विभाग, म्हणजे ‘कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ’, जानेवारी 2024 पासून दर महिन्याला करड्या लांडग्यांच्या हालचालींचा एक नकाशा जाहीर करतो. राज्याच्या नकाशावर पाणलोट क्षेत्रांच्या हद्दी आखलेल्या असतात, आणि मागच्या सुमारे तीस दिवसांत ज्या पाणलोटात गळ्यात जीपीएस कॉलर असलेल्या एखाद्या तरी लांडग्याची नोंद झाली असेल, ते पाणलोट रंगवलेले असते. कोणता लांडगा, किती लांडगे, किती वेळा, कोणत्या तारखेला, यांपैकी काहीही त्यावर नसते. हा नकाशा आणि त्याच्याभोवती उभी केलेली सेवा, म्हणजे मेलेल्या जनावराची तपासणी, नुकसानभरपाई, कुरणातले राखणदार आणि प्रतिबंधाची साधने, यांचे हे परीक्षण आहे. मी एकच कसोटी लावली आहे: ज्याच्या गायी त्या रंगवलेल्या पाणलोटात विणार आहेत, त्याच्या हाती यातून काय लागते?

ही सेवा मुळात का उभी राहिली, ते थोडक्यात सांगणे भाग आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन 114’ हा प्रस्ताव जेमतेम 51 टक्के मतांनी मंजूर केला आणि 2023 संपण्याच्या आत खंडीय जलविभाजकाच्या, म्हणजे राज्याला पूर्व आणि पश्चिम उतारांत विभागणाऱ्या डोंगरकण्याच्या, पश्चिमेस लांडगे पुन्हा आणण्याचे बंधन राज्यावर आले. त्याप्रमाणे डिसेंबर 2023 मध्ये ऑरेगनमधून आणलेले दहा आणि जानेवारी 2025 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून आणलेले पंधरा लांडगे सोडण्यात आले. प्रस्तावाला मिळालेली बरीचशी मते डेन्व्हर, बोल्डर अशा पूर्व उतारावरच्या शहरांतली होती, आणि लांडगे मात्र पश्चिम उतारावर, गुरांच्या मुलखात सुटले. त्यामुळे या नकाशाला पहिल्या दिवसापासून दोन गिऱ्हाइके आहेत: आपण मत दिलेला लांडगा कुठवर पोचला हे पाहण्याची उत्सुकता असलेला शहरी नागरिक, आणि तो आपल्या कुंपणापाशी तर पोचला नाही ना या काळजीतला पशुपालक. दोघांना एकच कागद दिला जातो आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

कॉलरचे काम कसे चालते ते समजले की नकाशाचे गुणदोष आपोआप उलगडतात. या कॉलर साधारण चार तासांना एकदा लांडग्याचे स्थान टिपतात. चार किंवा अधिक नोंदी साठल्या की त्या उपग्रहामार्फत विभागाकडे जातात. म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी खुद्द विभागालाही लांडगा ‘आत्ता’ कुठे आहे हे कळत नाही, काही तासांपूर्वी कुठे होता एवढेच कळते. दाट झाडीत, खोल दरीत किंवा खराब हवामानात नोंदी चुकतात किंवा उशिरा पोचतात. लांडगा बराच काळ अजिबात हलला नाही तर कॉलर वेगळा, मृत्यूची शक्यता दर्शवणारा संकेत पाठवते आणि मग कर्मचारी प्रत्यक्ष जागेवर जातात. लोकांची समजूत मात्र अशी असते की कुणीतरी पडद्यासमोर बसून प्रत्येक ठिपक्यावर नजर ठेवून आहे. एका रात्रीत लांडगा वीस-तीस किलोमीटर सहज चालतो, आणि चार तासांत तो डोंगराच्या एका बाजूच्या हरणांमागून दुसऱ्या बाजूच्या वासरांपर्यंत पोचू शकतो.

आता हिशेब करा. चार तासांना एक याप्रमाणे एका लांडग्याच्या दिवसाला सहा आणि महिन्याला 180 च्या आसपास नोंदी होऊ शकतात. नकाशाच्या नियमानुसार त्यांतली एकच नोंद एखाद्या पाणलोटात पडली तरी ते संपूर्ण पाणलोट रंगते. ज्या पाणलोटातून लांडगा एका रात्री नुसता ओलांडून गेला आणि ज्या पाणलोटात त्याने सबंध महिना मुक्काम ठोकला, ती दोन्ही नकाशावर अगदी सारखी दिसतात. शिवाय ही पाणलोटे लहान नाहीत. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या वर्गवारीतील या दहा आकडी सांकेतांकाच्या पाणलोटाचे क्षेत्रफळ साधारण 40 हजार ते अडीच लाख एकर असते. अडीच लाख एकर म्हणजे हजारभर चौरस किलोमीटर, ज्यात दोन-तीन गावे, डझनावारी पशुपालकांच्या जमिनी आणि सरकारी वनजमिनीवरची मैलोनमैल चराई मावते. असे सबंध पाणलोट रंगलेले पाहून पशुपालकाने करायचे काय? गुरे हलवायची म्हटली तरी कुठून कुठे?

त्यात हा नकाशा महिन्यातून एकदाच निघतो. चौथ्या बुधवारी हाती आलेल्या कागदावरची सर्वांत जुनी नोंद महिन्याभरापूर्वीची असते. पशुपालकाच्या दृष्टीने याला बैल गेला आणि झोपा केला याशिवाय दुसरे नाव देता येत नाही. विभागाच्या बाजूने प्रामाणिकपणे एवढे नोंदवले पाहिजे की नकाशासोबतच्या मजकुरात या मर्यादा लपवलेल्या नाहीत. रंगवलेले पाणलोट म्हणजे तिथे सर्वत्र लांडगे आहेत असे नव्हे, आणि आज ते तिथे असतीलच असेही नव्हे, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. संरक्षणासाठी गरज वाटल्यास काही माहिती मुद्दाम धूसर केली जाऊ शकते, हेही सांगितलेले असते. अडचण अशी की मजकूर कुणी वाचत नाही आणि रंग सगळेच पाहतात.

पाणलोट हे एकक निवडले याबद्दल मात्र मी विभागाला दाद देईन. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, हद्दी माणसांनी पट्टीने ओढलेल्या आहेत आणि प्रशासनासाठी त्या सोयीच्या असल्या तरी जनावराला त्यांचे सोयरसुतक नसते. डोंगरधारांनी बांधलेली पाणलोटाची हद्द लांडग्याच्या वावराशी आणि गुरांच्या हंगामी चराईशीही पुष्कळ अधिक जुळते. पाणलोट हा शब्द जलसंधारणाच्या कामांमुळे मराठी वाचकाच्या चांगला परिचयाचा आहे, त्यामुळे हा नकाशा आपल्याला वाचायला अमेरिकी शहरी वाचकापेक्षा सोपाच जाईल.

मग नेमकी ठिकाणे सरळ का देत नाहीत? कारण साधे आहे: ठिकाण कळले की बंदूक पोचते. बेकायदा लांडगा मारल्यास एक लाख डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास आणि शिकारीचा परवाना जाणे अशा शिक्षा असूनही लांडग्यांना गोळ्या लागल्या आहेत. ग्रँड काउंटीतील ‘कॉपर क्रीक’ नावाच्या लांडग्यांच्या टोळीचा नर 2024 मध्ये पकडून आणल्यावर बंदिवासात मेला, आणि शवविच्छेदनात त्याच्या मृत्यूचे मूळ बंदुकीच्या जुन्या जखमेत सापडले. कॉलर त्याच्या गळ्यात होतीच. ती लांडगा कुठे आहे ते सांगते, त्याच्यावर कुणी बंदूक रोखली ते सांगत नाही. तेव्हा गोपनीयतेचा आग्रह मला पटतो. पटत नाही ते एवढेच की गोपनीयता जपूनही नकाशा अधिक उपयोगी करता आला असता. एक-दोन नोंदी असलेल्या पाणलोटाला फिकट आणि वारंवार नोंदी असलेल्याला गडद रंग दिला, तर कुणालाही गुहेचा पत्ता लागणार नाही, पण मुक्काम आणि वाटचाल यांतला फरक दिसेल. कॅलिफोर्नियाने 2025 मध्ये कॉलर असलेल्या लांडग्यांचे ढोबळ स्थान दाखवणारा आणि बराच वेगाने अद्ययावत होणारा नकाशा लोकांसाठी खुला केला. त्यामुळे असे करता येतच नाही, असे म्हणायला आता फारशी जागा उरलेली नाही.

उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. प्रत्येक नोंदीसरशी सगळ्या पशुपालकांच्या फोनवर सूचना येऊ लागली, तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखी त्यांची गत व्हायला दोन आठवडेही लागणार नाहीत. बहुतेक रात्री लांडगा गुरांजवळून जातो आणि काही करत नाही. सूचना कमी, पण वेळेवर आणि नेमक्या माणसाला मिळाव्यात, आणि ते काम नकाशाचे नसून स्थानिक कर्मचाऱ्याचे आहे. ज्या खोऱ्यात विभागाचा माणूस पशुपालकाला नावाने ओळखतो आणि संध्याकाळी फोन करून ‘आजची रात्र जरा लक्ष ठेवा’ एवढे सांगतो, तिथे हा नकाशा कुणी उघडूनही पाहत नसेल, आणि त्यात काही बिघडत नाही.

नकाशा बाजूला ठेवून या सेवेच्या ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते तिकडे वळतो. तो म्हणजे मेलेल्या जनावराचा पंचनामा, आणि माझ्या मते ही या सेवेची सर्वांत भक्कम बाजू आहे. पशुपालकाला कुरणात मेलेले वासरू सापडले की त्याने ते हलवायचे नसते. वर ताडपत्री टाकायची, कुत्र्यांना लांब ठेवायचे, आजूबाजूच्या पावलांवर आपली पावले पडू द्यायची नाहीत आणि विभागाला कळवायचे. मग अधिकारी येऊन जनावराचे कातडे सोलतो. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण सगळा निवाडा कातड्याखाली असतो. जनावर जिवंत असताना चावा बसला असेल तर त्या जागी मांसात रक्त साकळलेले दिसते. ते आधीच मेले असेल आणि नंतर कुणी खाल्ले असेल तर फाडाफाड कितीही भयंकर दिसो, रक्त साकळलेले नसते. याच एका खुणेवर ‘लांडग्याने मारले’ आणि ‘लांडग्याने खाल्ले’ यांतला भेद ठरतो, आणि त्या भेदावर हजारो डॉलर अवलंबून असतात.

त्यापुढच्या खुणा कोण होता ते सांगतात. लांडगे मोठ्या जनावराच्या मागच्या मांड्या, कूस, पुढच्या पायामागची जागा आणि शेपूट यांवर धावताधावता हल्ला करतात, त्यामुळे चावे पसरलेले आणि झटापटीची जागा लांबलचक असते. प्यूमा हा मोठा रानमांजर-कुळातला प्राणी मानेवर किंवा घशावर नेमका चावा घेतो आणि पुष्कळदा शिकार पालापाचोळ्याने झाकून ठेवतो. कोयोटी, म्हणजे लांडग्याचा लहान भाऊबंद, मेंढीचा गळा धरतो. सुळ्यांमधले अंतर मोजले जाते, ओढत नेल्याच्या खुणा, विष्ठा, केस आणि ठसे पाहिले जातात, आणि कॉलरच्या नोंदी त्या रात्री त्या जागी जुळतात का तेही तपासले जाते. महिन्याच्या नकाशात जी माहिती पाणलोटभर पसरून निरुपयोगी झाली होती, तीच इथे एका रात्रीपुरती आणि एका कुरणापुरती नेमकेपणाने कामाला येते.

पंचनाम्याचा शत्रू वेळ आहे. उन्हाळ्यात, कावळ्यांच्या आणि त्यांच्याच कुळातल्या मॅगपाय पक्ष्यांच्या सहवासात, जनावराच्या मांसावरचा पुरावा एक-दोन दिवसांत नाहीसा होतो. गुरे घराजवळच्या कुंपणात विणत असतील तर मेलेले वासरू सकाळीच दिसते. तीच गुरे जूनमध्ये वनखात्याच्या डोंगराळ चराईवर गेली की आठवडा-आठवडा कुणाची नजर पडत नाही, आणि शरद ऋतूत गुरे खाली उतरवून मोजली की तेव्हाच कळते, बारा वासरे कमी आहेत. आयडाहोत झालेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा होता की दुर्गम जंगलातल्या चराईवर लांडग्यांनी मारलेल्या आठ वासरांमागे एखादेच सापडत असावे. हा आकडा सगळीकडे लावणे चूक आहे, कारण उघड्या गवताळ प्रदेशात सापडण्याचे प्रमाण नक्कीच जास्त असणार. पण पुराव्यावर आधारलेली कोणतीही भरपाई योजना कुठे उणी पडते, ते या आकड्यातून कळते.

कोलोरॅडोची भरपाई योजना कागदावर अमेरिकेतील सर्वांत उदार योजनांपैकी एक आहे. लांडग्याने मारलेल्या जनावराची बाजारभावाने, पण 15 हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळते. त्यात राखणीची कुत्रीही येतात आणि जखमी जनावराच्या उपचाराचा खर्चही वेगळा मागता येतो. न सापडलेल्या वासरांसाठी ठरावीक गुणोत्तराने आणि सततच्या भीतीमुळे घटलेले वजन किंवा गाभण राहण्याचे घटलेले प्रमाण यांसाठीही दावा करण्याची सोय आहे. ही शेवटची तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते. लांडग्यांच्या वावराखालचा कळप एकत्र दाटून उभा राहतो, नीट चरत नाही, आणि शरदात वजनकाट्यावर वासरामागे काही किलो कमी भरतात. मेलेल्या जनावरांपेक्षा या न मेलेल्या जनावरांचे नुकसान मोठे असू शकते, हे पशुपालक कितीतरी वर्षे सांगत आले होते, आणि एखाद्या राज्याने ते नियमांत मान्य करणे ही साधी गोष्ट नाही.

पण उदारतेची झळ कुठे बसते ते लगेच दिसले. विधिमंडळाने 2023 मध्ये भरपाईसाठी निधी उभारला: पहिल्या वर्षी 1 लाख 75 हजार डॉलर आणि त्यानंतर दर वर्षी साडेतीन लाख. मार्च 2025 मध्ये वन्यजीव आयोगाने ग्रँड काउंटीतील दोन दावे मंजूर केले तेव्हा तेवढ्या दोघांचीच रक्कम सुमारे 3 लाख 43 हजार डॉलर झाली, आणि तिचा मोठा भाग न सापडलेली वासरे आणि घटलेले वजन यांपोटी होता. म्हणजे दोन पशुपालकांच्या एका हंगामाने वर्षाची तरतूद जवळजवळ संपवली. शिवाय असा दावा करायचा तर लांडगे येण्यापूर्वीच्या वर्षांतली वजने, विण्याचे आकडे आणि हरवलेल्या जनावरांची सरासरी दाखवावी लागते. ज्यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतो पण वहीत नसतो, त्यांच्यापर्यंत ही उदारता पोचत नाही. या सेवेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्याला माझा पहिला सल्ला नकाशाबद्दल नाहीच. लांडगा दिसण्याच्या आधीपासून वजनांची वही ठेवा.

प्रतिबंधाच्या साधनांबद्दल थोडक्यात. दोरीला सुमारे दीड फुटाच्या अंतराने लाल पताका लावून कुरणाभोवती बांधण्याची पद्धत पूर्व युरोपातील लांडग्यांच्या शिकारीतून आली आहे. लांडगा अनोळखी फडफडीला बिचकतो, पण साधारण दोन महिन्यांत त्याला ती ओळखीची होते. त्यामुळे विण्याच्या हंगामापुरती, लहान कुंपणासाठी ही सोय उत्तम आहे आणि हजारो एकरांच्या चराईसाठी निरर्थक. दोरीत वीज खेळवली तर परिणाम अधिक टिकतो, पण वाऱ्याने गुंडाळलेल्या पताका सोडवत रोज कुंपणाभोवती चालायला माणूस लागतो, हे कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापलेले नसते. उत्तर कोलोरॅडोतील नॉर्थ पार्कमध्ये 2022 मध्ये एका पशुपालकाला सहा रानगाढवे देण्याचाही प्रयोग झाला. गाढव कुत्र्याच्या जातीच्या प्राण्यावर धावून जाते या भरवशावर. प्रयोग गमतीचा वाटतो, पण बंदूक न उचलता करता येईल ते करून पाहण्याची वृत्ती त्यात दिसते आणि ती मला आवडली.

ऑरेगनमधील क्लॅमथ खोऱ्यात 2022 मध्ये केंद्रीय कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांनी उष्णता टिपणारा कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक लावलेले ड्रोन वापरले. त्याआधीच्या 20 दिवसांत 11 गुरे मारली गेली होती आणि ड्रोनची गस्त सुरू झाल्यावर 85 दिवसांत दोन. अंधारात वरून माणसाचा दरडावणारा आवाज आला की लांडगा शिकार सोडून पळतो. आकडे प्रभावी आहेत, पण ते एका ठिकाणचे आहेत, आणि रात्रभर ड्रोन उडवणारा प्रशिक्षित चमू प्रत्येक खोऱ्याला देणे कोणत्याही राज्याला परवडण्यासारखे नाही.

या सगळ्यांत ज्याला मी पूर्ण गुण देईन ती सेवा म्हणजे रेंज रायडर, घोड्यावरून किंवा पायी कुरणे धुंडाळणारा पगारी राखणदार. कोलोरॅडोच्या कृषी विभागाच्या सहकार्याने 2025 च्या चराई हंगामासाठी असे डझनभराच्या आसपास राखणदार नेमण्यात आले. तो गुरे विखुरलेली असतील तर एकत्र आणतो, आजारी किंवा लंगडे जनावर वेगळे काढतो, मेलेले जनावर लांडग्याच्या आधी शोधतो आणि माणसाचा वावर असल्याची जाणीव लांडग्याला करून देत राहतो. पंचनाम्यासाठी लागणारा ताजा पुरावाही बहुधा त्याच्याच नजरेला पडतो. आयडाहोतील वुड रिव्हर प्रकल्पात मेंढ्यांच्या कळपांसोबत राखणदार, कुत्री, पताका आणि दिवे अशी साधने सात वर्षे एकत्र वापरली गेली, आणि जिथे ती वापरली नव्हती त्या शेजारच्या भागात लांडग्यांमुळे होणारे नुकसान साडेतीन पट होते. मेंढ्यांचे सूत्र गायींना जसेच्या तसे लागत नाही, कारण मेंढ्या रात्री एका जागी बसतात आणि गायी डोंगरभर पांगतात. तरीही दिशा स्पष्ट आहे. उणीव एकच: डझनभर माणसे आणि पश्चिम कोलोरॅडोएवढा मुलूख.

सेवा कधी संपते आणि बंदूक कधी सुरू होते, हाही तिचाच भाग मानला पाहिजे, कारण पशुपालकाचा विश्वास तिथेच ठरतो. केंद्राच्या ‘10 जे’ नियमानुसार कोलोरॅडोतील लांडगे ‘प्रायोगिक संख्या’ मानले जातात, म्हणजे त्यांच्या संरक्षणाचे नियम थोडे सैल असतात. त्यामुळे खासगी जमिनीवर गुरांवर प्रत्यक्ष हल्ला करत असलेला लांडगा मालक मारू शकतो, मात्र पुरावा जपून लगेच कळवावे लागते. अंधारातल्या झटापटीत ही अट पाळणे किती शक्य आहे हा वेगळा प्रश्न. विभागाने स्वतः लांडगा केव्हा मारायचा याची व्याख्या मात्र सुरुवातीला नव्हतीच. वॉशिंग्टन राज्यात 30 दिवसांत तीन किंवा दहा महिन्यांत चार हल्ले झाले की लांडगा मारण्याचा विचार करता येतो, आणि त्याआधी प्रतिबंधाची साधने वापरलेली असावी लागतात. हे पशुपालकाला आधीच माहीत असते. कोलोरॅडोत 2024 च्या वसंत ऋतूत कॉपर क्रीकच्या जोडीने ग्रँड काउंटीत गुरे आणि मेंढ्या मारायला सुरुवात केली, तेव्हा असा आकडा कुणाकडेच नव्हता. पिल्ले गुहेत असताना नराला मारले तर ती उपाशी मरतील असे विभागाचे म्हणणे होते, आणि दर आठवड्याचे नुकसान मोजणाऱ्या पशुपालकाला ते पटणे शक्य नव्हते. शेवटी टोळीच पकडण्यात आली. मादी आणि पिल्ले जानेवारी 2025 मध्ये पिटकिन काउंटीत सोडली गेली, तिथेही गुरांवर हल्ले झाले आणि मे महिन्यात टोळीतला एक तरुण नर विभागाने मारला. तोवर व्याख्या ठरली होती: त्याच लांडग्यांकडून 30 दिवसांत तीन किंवा अधिक हल्ले, आणि त्यांपैकी किमान एका हल्ल्याचा पुरावा स्पष्ट व खात्रीलायक. नियम एक वर्ष आधी लिहिला असता तर लांडगे कमी मेले असते की जास्त, याबद्दल मतभेद होतील. पण पशुपालकाला निदान कोणत्या दिवशी काय होणार ते माहीत असते.

नकाशावर परत येतो, कारण त्याची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. आज तो जेवढा पूर्ण वाटतो तेवढा वाटण्याचे कारण हे की बाहेरून आणलेल्या प्रत्येक लांडग्याला सोडण्यापूर्वी कॉलर घातली होती. 2025 मध्ये कॉपर क्रीकसह वन इअर, किंग माउंटन आणि थ्री क्रीक्स अशा चार टोळ्या राज्यात वावरत होत्या आणि त्यांची पिल्ले इथेच जन्मली. पिल्लाची मान भरेपर्यंत त्याला कॉलर घालता येत नाही, आणि नंतर घालायची तर हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून भुलीचा बाण मारून एकेकाला पकडावे लागते. आई-बापांच्या कॉलरची बॅटरी काही वर्षांत संपेल. तेव्हा पाणलोट कोरे दिसेल आणि त्यात लांडगे असतील. त्या दिवशी पशुपालकाला लागणारी माहिती चौथ्या बुधवारच्या कागदावर नसेल. ती असेल रेंज रायडरच्या वहीत, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात आणि चिखलात उमटलेल्या पंजात. म्हणून पुढच्या अर्थसंकल्पात नकाशाची छपाई सुधारायची की आणखी चार घोडेस्वार नेमायचे असा प्रश्न पडलाच, तर माझे मत घोडेस्वारांना.